मराठवाड्यातील गडगडाटी पाऊस आणि पावसाचा खंड

मराठवाड्यातील गडगडाटी पाऊस आणि पावसाचा खंड ही दख्खनच्या पठारावरील पर्जन्यछायेच्या प्रदेशात पावसाळ्यात आळीपाळीने येणारी हवामानाची दोन रूपे आहेत. पहिल्यात काही तासांत, मर्यादित क्षेत्रावर, विजांच्या कडकडाटासह जोरदार पाऊस पडतो. दुसऱ्यात ऐन पावसाळ्यात सलग काही दिवस, तर कधी तीन-चार आठवडे पाऊस थांबतो. ऊन व वारा यांमुळे जमिनीतील ओल झपाट्याने उडून जाते. हंगामातील एकूण पाऊस सरासरीइतका भरूनही पीक हातचे जाणे, किंवा एकूण पाऊस कमी असूनही पीक चांगले येणे, हे दोन्ही या प्रदेशात घडते. पाऊस किती पडला यापेक्षा तो किती दिवसांच्या अंतराने पडला, यावर येथील खरीप हंगामाचे भवितव्य अधिक अवलंबून असते.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील, पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील चुडावा हे गाव व त्याचा परिसर या हवामानाचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून पाहता येतो. काळी जमीन, खरिपात सोयाबीन, कापूस व तूर, रब्बीत ज्वारी व हरभरा, आणि पावसावर अवलंबून असलेले मोठे क्षेत्र ही गोदावरी खोऱ्यातील या पट्ट्याची वैशिष्ट्ये आहेत.

भौगोलिक पार्श्वभूमी

मराठवाड्याचा बहुतांश भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० ते ७०० मीटर उंचीवर आहे. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला बालाघाटची रांग आणि मध्ये गोदावरीचे खोरे अशी त्याची रचना आहे. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगराळ भागातून येऊन परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते.

पश्चिमेकडून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे प्रथम सह्याद्रीला अडतात. वर चढताना हवा थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचा मोठा भाग कोकणात व घाटमाथ्यावर प्रतिरोध पर्जन्याच्या रूपाने पडतो. घाट ओलांडल्यावर तीच हवा खाली उतरते. उतरणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सियस या दराने तापते व तिची सापेक्ष आर्द्रता घटते. महाबळेश्वर येथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या पुण्यात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास येतो. मराठवाडा या पर्जन्यछायेच्या पूर्वेकडील विस्तारात मोडतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या मराठवाडा या उपविभागात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे.

हा पाऊस सर्वत्र सारखा नाही. बीड व धाराशिव जिल्ह्यांपेक्षा परभणी, हिंगोली व नांदेड या पूर्वेकडील जिल्ह्यांत तो अधिक पडतो. सह्याद्रीपासून जसजसे दूर जावे, तसतसा पर्जन्यछायेचा प्रभाव कमी होतो आणि बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा लाभ वाढतो. त्यामुळे परभणी–नांदेड पट्ट्यात झडीचा, म्हणजे दोन-तीन दिवस चालणारा पाऊस बहुधा पूर्वेकडून आलेल्या प्रणालीमुळे होतो. ती प्रणाली नसताना जो पाऊस पडतो, तो मुख्यतः स्थानिक गडगडाटी मेघांचा असतो.

गडगडाटी मेघाची निर्मिती

गडगडाटी पाऊस हा मुख्यतः आरोह पर्जन्याचा प्रकार आहे. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: जमिनीलगत पुरेसे बाष्प, वर जाताना वेगाने थंड होत जाणारे वातावरण, आणि हवेला पहिला धक्का देणारे कारण. हे कारण तापलेली जमीन, डोंगरउतार, दोन दिशांच्या वाऱ्यांचे मीलन किंवा जवळच्या एखाद्या वादळातून बाहेर पडलेली थंड हवा यांपैकी कोणतेही असू शकते.

दुपारी तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. विशिष्ट उंचीवर तिच्यातील बाष्पाचे सांद्रीभवन सुरू होते व अप्रकट उष्मा मुक्त होतो. या उष्म्यामुळे वर चढणारी हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदारच राहते आणि आणखी वर जाते. पावसाळ्यात मराठवाड्यावर शून्य अंश तापमानाची पातळी साधारण पाच किलोमीटर उंचीवर असते. मेघ या पातळीच्या बराच वर गेला की त्यात हिमकण, अतिशीत जलबिंदू आणि मऊ गारा एकत्र वावरू लागतात. पूर्ण वाढ झालेल्या क्युम्युलोनिम्बस मेघाचा माथा १२ ते १६ किलोमीटरपर्यंत पोहोचतो व तेथे ऐरणीसारखा पसरतो.

मेघात हिमकण व मऊ गारा एकमेकांवर आदळतात तेव्हा विद्युतभाराचे विभाजन होते. सर्वसाधारणपणे हलके हिमकण धनभारित होऊन वर जातात, तर जड मऊ गारा ऋणभारित होऊन मेघाच्या मध्य व खालच्या भागात राहतात. हा भारभेद फार वाढला की हवेचे विद्युतरोधन मोडते व वीज चमकते. विजेच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते, स्फोटासारखी प्रसरण पावते आणि गडगडाट ऐकू येतो. ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात; म्हणून चमक व गडगडाट यांमधील सेकंदांना तीनने भागले असता विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते.

एका गडगडाटी मेघाचे आयुष्य बहुधा अर्धा ते एक तास असते. पाऊस पडू लागला की पडणाऱ्या थेंबांबरोबर हवाही खाली ओढली जाते. ढगाखालची हवा कोरडी असल्यास काही थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच विरून जातात. त्या बाष्पीभवनामुळे हवा आणखी थंड व जड होऊन वेगाने खाली कोसळते. पावसाच्या आधी येणारा धुळीचा लोट व गार वारा हा याच प्रक्रियेचा परिणाम होय. उन्हाळ्याच्या शेवटी पत्रे उडवणारा, झाडे पाडणारा वारा सुटूनही पाऊस मात्र चार थेंबांचाच पडतो, तेव्हा ढगाखालची कोरडी हवा हेच त्याचे कारण असते.

असा मेघ जमिनीवर काही किलोमीटर रुंदीचाच पट्टा भिजवतो. त्यामुळे एका गावच्या शिवारात पाणी साचावे आणि शेजारच्या गावात धूळ उडावी, असे चित्र दिसते.

वर्षातील क्रम

वळवाचा पाऊस

मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत पडणाऱ्या गडगडाटी पावसाला वळीव म्हणतात. मे महिन्यात परभणी परिसरात दुपारचे तापमान अनेकदा ४२ अंशांच्या घरात जाते. वातावरणाच्या खालच्या थरात बंगालच्या उपसागराकडून बाष्प आले आणि वरच्या थरात कोरडी, तुलनेने थंड हवा असली की दुपारनंतर ढग उभे राहतात. या काळात ढगाचा तळ उंच असतो, खालची हवा कोरडी असते व ऊर्ध्व प्रवाह जोरकस असतो. म्हणून वारा, वीज व क्वचित गारा यांचे प्रमाण पावसाच्या मानाने जास्त असते. नांगरून तापलेल्या जमिनीत वळवाचा पाऊस मुरतो व पेरणीपूर्व मशागतीस उपयोगी पडतो. काढणीस आलेला आंबा व उघड्यावरचा शेतमाल यांचे मात्र त्याने नुकसान होते.

मोसमी पावसाचा काळ

नैर्ऋत्य मोसमी वारे सरासरी १ जूनच्या सुमारास केरळमध्ये आणि साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मराठवाड्यात पोहोचतात. मान्सून सक्रिय असताना आकाश पूर्ण झाकलेले राहते, जमीन फारशी तापत नाही व ऊर्ध्व प्रवाह सौम्य असतात. अशा वेळी बराच पाऊस शून्य अंशाच्या पातळीखालील जलबिंदूंच्या एकत्र येण्यातून तयार होतो. पाऊस भरपूर पडतो, पण विजा कमी दिसतात. मान्सून क्षीण झाला, ढग विरळ झाले व ऊन पडू लागले की सायंकाळचे तुरळक गडगडाटी ढग पुन्हा दिसू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर जोरदार मेघगर्जना होऊ लागणे हे बऱ्याचदा मान्सून जोमात असल्याचे नव्हे, तर तो मंदावल्याचे लक्षण असते.

परतीचा पाऊस

मान्सूनची माघार सरासरी १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून सुरू होते. मराठवाड्यातून तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. या संक्रमणकाळात जमीन ओली, ऊन प्रखर व वारे मंद असतात. सप्टेंबर व ऑक्टोबरमधील गडगडाटी पाऊस त्यामुळे जोरदार असतो. रब्बी ज्वारी व हरभऱ्याच्या पेरणीला लागणारी ओल हाच पाऊस देतो. काढणीस आलेल्या सोयाबीनला मात्र तोच घातक ठरतो.

पावसाचा खंड

पावसाळ्यात काही दिवस पाऊस थांबण्यास बोलीभाषेत उघडीप म्हणतात. आठ-दहा दिवसांची उघडीप शेतीकामांसाठी आवश्यक असते. ती लांबली की तिला पावसाचा खंड किंवा ताण म्हणतात.

मोठ्या क्षेत्रावरील खंडाचे मुख्य कारण म्हणजे मान्सूनच्या आसाचे स्थलांतर. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला हा कमी दाबाचा पट्टा आपल्या सर्वसाधारण स्थानावर किंवा त्याच्या दक्षिणेला असतो, तेव्हा मध्य भारतात चांगला पाऊस होतो. तो उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की मध्य भारत व दख्खनवरील पाऊस घटतो आणि त्याच वेळी हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात व ईशान्य भारतात पूर येऊ शकतात.

एम. राजीवन, सुलोचना गाडगीळ व ज्योती भाटे या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये खंडाची एक संख्यात्मक व्याख्या मांडली. मध्य भारतातील 'गाभा मान्सून क्षेत्रा'वरील जुलै-ऑगस्टमधील दैनंदिन पाऊस सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाहून अधिक घटून किमान सलग तीन दिवस तसाच राहिल्यास तो खंड मानावा, अशी ही व्याख्या आहे. हे क्षेत्र साधारण १८ ते २८ अंश उत्तर अक्षांशांदरम्यान पसरलेले असून परभणी जिल्हा त्याच्या दक्षिण भागात येतो. संपूर्ण क्षेत्रासाठीची ही व्याख्या एखाद्या गावातील खंड मात्र सांगू शकत नाही. गाव पातळीवरचा खंड याहून कितीतरी लांब असू शकतो, कारण मान्सून पुन्हा सक्रिय झाल्यावरही पावसाचे पट्टे त्या गावाला टाळून जाऊ शकतात.

खंड लांबण्यामागे आणखी काही कारणे असतात. पश्चिम आशियाच्या वाळवंटी प्रदेशाकडून वातावरणाच्या मधल्या थरात कोरडी हवा शिरली की ढगांची वाढ अर्ध्यावर खुंटते. बाष्प असूनही ढग कापसाच्या पुंजक्यांसारखे राहतात व बरसत नाहीत. विषुववृत्तीय प्रदेशात ३० ते ६० दिवसांच्या आवर्तनाने पूर्वेकडे सरकणारी मॅडन-ज्युलियन आंदोलने ही मान्सूनच्या सक्रिय व क्षीण अवस्थांवर परिणाम करतात. प्रशांत महासागरातील एल निनोच्या वर्षी भारतात कमी पावसाची शक्यता वाढते, परंतु प्रत्येक एल निनो वर्ष दुष्काळाचे असतेच असे नाही.

जमिनीतील ओल आणि वाळण्याचा वेग

खंडाचा परिणाम पावसाच्या आकड्यावरून नव्हे, तर जमिनीत शिल्लक असलेल्या ओलीवरून ठरतो. मराठवाड्यातील काळी जमीन बेसॉल्ट खडकाच्या अपक्षयापासून बनलेली असून तिच्यात फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते व भेगाळते.

नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत पिकाला वापरता येईल असे पाणी मीटरभर खोलीत साधारण १५० ते २०० मिलिमीटर पावसाइतके साठू शकते. माळरानावरील उथळ, मुरमाड जमिनीत हा साठा ५० ते ६० मिलिमीटरच असतो. वाढीच्या ऐन काळात सोयाबीन किंवा कापसाचे पीक बाष्पोत्सर्जनातून आणि जमीन बाष्पीभवनातून मिळून दिवसाला साधारण ४ ते ५ मिलिमीटर पाणी खर्च करतात. यावरून असे दिसते की, पूर्ण भिजलेली उथळ जमीन १० ते १२ दिवसांत रिकामी होते, तर खोल काळी जमीन महिनाभर पिकाला तगवू शकते. साठा संपण्याच्या बऱ्याच आधी पिकाला ताण जाणवू लागतो. दुपारी पाने मिटू लागणे ही त्याची पहिली खूण होय. एकाच गावात, एकाच खंडात, एकाचे पीक हिरवे व दुसऱ्याचे करपलेले दिसण्याचे कारण पुष्कळदा जमिनीच्या खोलीतील हा फरक असतो.

आता पावसाची बाजू पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. दोन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर हेक्टरी दहा लाख लिटर पाणी येते. भेगाळलेल्या जमिनीत सुरुवातीचे पाणी वेगाने उतरते. पण माती फुगून भेगा बुजल्या की मुरण्याचा वेग अत्यंत मंदावतो आणि उरलेले पाणी मातीसह ओढ्याला जाते. पर्जन्यमापकात १०० मिलिमीटरची नोंद होते, पण पिकाच्या वाट्याला त्याचा काही भागच येतो. तेच १०० मिलिमीटर २५-२५ च्या चार पावसांत आठवड्याच्या अंतराने पडले तर बहुतेक सर्व पाणी उपयोगी पडते. हंगामी सरासरीचा आकडा हा भेद दाखवत नाही.

खंडाच्या काळात वाळण्याचा वेगही वाढतो. ढग नसल्याने सूर्यप्रकाश वाढतो, हवेतील आर्द्रता घटते आणि पश्चिमेकडचे वारे मात्र जोरातच वाहत राहतात. ऑगस्टमधील खंडात म्हणून अनेकदा उन्हाळ्यासारखी स्थिती जाणवते.

शेतीवरील परिणाम

पेरणी हा पहिला कसोटीचा क्षण असतो. जूनमध्ये एखादा मोठा गडगडाटी पाऊस झाला की पेरणीची घाई होते. हा पाऊस स्थानिक ढगाचा असेल व त्यामागे मान्सून स्थिरावला नसेल, तर उगवलेली रोपे खंडात वाळतात आणि दुबार पेरणी करावी लागते. बियाणे, खत व मजुरी यांचा खर्च दुप्पट होतो आणि हंगाम दोन-तीन आठवड्यांनी मागे पडतो. या कारणाने ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग व कृषी विद्यापीठ देतात.

दुसरा नाजूक काळ फुलोरा व शेंगा भरण्याचा असतो. जूनच्या अखेरीस पेरलेले सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात येते. या वेळी खंड पडल्यास फुले गळतात, शेंगा कमी धरतात व दाणे बारीक राहतात. कापूस व तूर यांची मुळे खोल जात असल्याने ती अधिक तग धरतात. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेण्याच्या पद्धतीमागे हा जोखीम वाटून घेण्याचा विचार आहे.

परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने, म्हणजे आताच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, कोरडवाहू शेतीसाठी अनेक उपायांचा प्रसार केला आहे. रुंद वरंबा व सरी पद्धतीत पीक वरंब्यावर असते. जोराच्या पावसात जादा पाणी सरीतून निघून जाते आणि खंडात सरीत मुरलेली ओल उपयोगी पडते. उताराला आडवी पेरणी, मूलस्थानी जलसंधारण आणि शेततळ्यातील पाण्याने एक-दोन संरक्षित पाळ्या देणे हे इतर उपाय होत. उघडिपीत वापसा येताच केलेली कोळपणी तण काढते आणि जमिनीचा वरचा थर मोकळा करून भेगा बुजवते. त्यामुळे खालची ओल उडून जाण्याचा वेग कमी होतो.

सिंचनाची सोय असलेल्या भागात खंडाची तीव्रता कमी जाणवते. गोदावरीवरील पैठणचे जायकवाडी धरण आणि पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे या दृष्टीने महत्त्वाची आहेत. मात्र स्थानिक गडगडाटी पावसाने ही धरणे सहसा भरत नाहीत. त्यासाठी वरच्या पाणलोट क्षेत्रात दीर्घकाळ व व्यापक पाऊस व्हावा लागतो. जायकवाडीत येणारे पाणी मुख्यतः नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील पावसावर अवलंबून असते. त्यामुळे शिवारात पिके तरारलेली असताना धरणे कोरडी, किंवा शिवार कोरडे असताना धरणे भरलेली, अशी स्थिती उद्भवते.

उल्लेखनीय घटना

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनावर खोल परिणाम करणारा ठरला. राज्याची रोजगार हमी योजना याच काळातील अनुभवातून आकाराला आली.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात सलग अनेक दिवस गारपीट झाली व काढणीस आलेली रब्बी पिके नष्ट झाली. त्यानंतरच्या पावसाळ्यात आणि पुन्हा २०१५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातील पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी राहिला. लागोपाठच्या या तुटीनंतर एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. ही गाडी 'जलदूत' या नावाने ओळखली गेली. त्याच वर्षी सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये लातूर परिसरात अतिवृष्टी झाली. टंचाई व पूर यांमधील अंतर अवघ्या काही महिन्यांचे होते.

सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस गुलाब चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून गेल्याने विस्तृत भागात अतिवृष्टी झाली व काढणीस आलेल्या सोयाबीनचे मोठे नुकसान झाले. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींतील भारतातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशातील पाऊस त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी होता आणि मराठवाड्यात अनेक ठिकाणी पिके फुलोऱ्यातच करपली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत, कमी दाबाच्या प्रणालीमुळे परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांत अतिवृष्टी होऊन शेतशिवारे पाण्याखाली गेली.

मोजमाप, निकष आणि अंदाज

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाल्यास तो 'पावसाचा दिवस' मानला जातो. ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ मिलिमीटरपासून अतिमुसळधार व २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस अत्यंत मुसळधार समजला जातो. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी गृहीत धरून पंचनामे केले जातात. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत तीन ते चार आठवड्यांचा खंड हा दुष्काळाच्या मूल्यांकनातील एक निर्देशक आहे.

या निकषांची एक मर्यादा गडगडाटी पावसाच्या स्वरूपातूनच येते. एका महसूल मंडळात अनेक गावे असतात आणि पाऊस बहुधा एकाच ठिकाणी मोजला जातो. काही किलोमीटर रुंदीचा ढग पर्जन्यमापकावर बरसला आणि उर्वरित गावे कोरडी राहिली, तर कागदोपत्री खंड मोडतो. उलट ढग पर्जन्यमापकाला टाळून गेला तर शेतात पाणी साचूनही अतिवृष्टीची नोंद होत नाही. नुकसानभरपाई व पीक विमा यांचे निर्णय या नोंदींशी जोडलेले असल्याने पर्जन्यमापकांची संख्या हा या प्रदेशात केवळ शास्त्रीय प्रश्न राहत नाही.

अंदाजाच्या बाबतीतही दोन्ही रूपांत फरक आहे. कमी दाबाच्या क्षेत्रामुळे येणारा व्यापक पाऊस किंवा मान्सूनचा मोठा खंड यांचा कल काही दिवस, तर कधी दोन आठवडे आधी सांगता येतो. एखादा गडगडाटी मेघ नेमक्या कोणत्या गावावर उभा राहील हे मात्र काही तास आधीच, रडार व उपग्रहांच्या साहाय्याने सांगता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे मोबाईल अॅप वापरकर्त्याच्या परिसरातील विजांची सूचना देते.

कृत्रिम पावसाचे प्रयोगही या प्रदेशाच्या संदर्भात झाले आहेत. राज्य शासनाने २०१५ व २०१९ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून विमानाद्वारे मेघबीजन केले. वरील संस्थेने सोलापूर परिसरात केलेल्या प्रयोगांत योग्य ढगांत बीजन केल्यास वाऱ्याच्या पुढील दिशेच्या भागात सरासरी सुमारे १८ टक्के अधिक पाऊस आढळला. मेघबीजनासाठी मुळात बाष्पयुक्त, वाढणारे ढग असावे लागतात. कोरड्या खंडात नेमके तेच नसतात. म्हणून हा उपाय दुष्काळावरचा तातडीचा इलाज ठरू शकत नाही.

विजेपासून संरक्षण

भारतात वीज कोसळून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. उघड्या शेतात काम करणारे शेतकरी, शेतमजूर व गुराखी यांना सर्वाधिक धोका असतो. मराठवाड्यात वळवाच्या व परतीच्या पावसाच्या काळात, विशेषतः दुपारी दोननंतर, शेतीकामांची गर्दी आणि विजांची वेळ एकच असते.

- गडगडाट ऐकू येत असल्यास वीज पोहोचण्याच्या अंतरावर आहे असे समजून पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याचे छत असलेल्या बंद वाहनात आसरा घ्यावा.
- एकट्या उंच झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ किंवा उघड्या शेडमध्ये थांबू नये. झाडावर पडलेली वीज खोडावरून व जमिनीतून आजूबाजूला पसरते.
- विहीर, तलाव, ओढा, तारेचे कुंपण व लोखंडी अवजारे यांपासून दूर राहावे. जनावरे झाडाखाली बांधू नयेत.
- आसरा नसल्यास समूहाने एकत्र न थांबता अंतर ठेवावे, पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे होऊ नये.
- शेवटच्या गडगडाटानंतर किमान ३० मिनिटे बाहेर पडू नये.
- वीज लागलेल्या व्यक्तीच्या शरीरात विद्युतभार राहत नाही. तिला स्पर्श करणे सुरक्षित असते. श्वास व नाडी थांबली असल्यास तत्काळ छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा व वैद्यकीय मदत मागवावी.

पारंपरिक नक्षत्रगणना

मराठी ग्रामीण परंपरेत पावसाळ्याचे भाग सूर्याच्या नक्षत्रप्रवेशानुसार पाडले जातात. सूर्य एका नक्षत्रात सुमारे १३ ते १४ दिवस असतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रोहिणी, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग, त्यानंतर आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा व स्वाती असा हा क्रम आहे. मृगाला पेरणीशी आणि सप्टेंबरच्या अखेरीस लागणाऱ्या हस्ताला रब्बीच्या ओलीशी जोडले जाते. हस्ताच्या पावसाला 'हत्तीचा पाऊस' म्हणतात. त्याच्या मेघगर्जनेचा संबंध मान्सूनच्या माघारीच्या काळातील गडगडाटी मेघांशी लावता येतो.

पंचांगातील नक्षत्रांच्या वाहनांवरून पावसाचे भाकीत करण्यास शास्त्रीय आधार नाही. तथापि सरासरी हंगामी क्रम लक्षात ठेवण्याचे साधन म्हणून ही गणना उपयुक्त राहिली आहे, कारण तिच्या तारखा सौर वर्षाशी बांधलेल्या आहेत.

इतर प्रदेशांशी तुलना

अमेरिकेतील ॲरिझोना व न्यू मेक्सिको या राज्यांच्या उंच, शुष्क पठारांवर जुलै ते सप्टेंबरदरम्यान 'उत्तर अमेरिकी मान्सून'मुळे असाच दुपारचा गडगडाटी पाऊस पडतो. तेथेही उन्हाळ्यात तापलेले पठार, समुद्रावरून येणारे बाष्प आणि मधूनमधून शिरणारी कोरडी हवा यांचा खेळ असतो. तेथील हवा अधिक कोरडी असल्याने पाऊस हवेतच विरून केवळ वीज जमिनीवर पोहोचण्याचे प्रसंग घडतात व त्यांतून वणवे लागतात. मराठवाडा हे वाळवंट नसून निमशुष्क ते उपआर्द्र पठार आहे. तथापि तेथील विरळ वस्तीच्या कुरणांच्या तुलनेत येथे जवळपास प्रत्येक एकर पेरलेला असतो. त्यामुळे त्याच स्वरूपाच्या खंडाची मानवी किंमत येथे अधिक असते.

हवामान बदल

भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कॉल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटनांत सुमारे तिप्पट वाढ झाली. तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. याचे परिणाम दुहेरी असतात. पाऊस पडतो तेव्हा अधिक जोराने पडतो आणि तो नसतो तेव्हा जमीन अधिक वेगाने वाळते. मराठवाड्यासारख्या प्रदेशात एकूण पावसाची सरासरी फारशी न बदलताही शेतीची जोखीम वाढू शकते ती याच मार्गाने. म्हणून हंगामी पावसाच्या आकड्यांसोबत पावसाच्या दिवसांची संख्या, खंडांची लांबी व जमिनीतील ओल यांच्या नियमित नोंदी ठेवण्यावर कृषी हवामानशास्त्रात भर दिला जातो.

हे सुद्धा पहा

- मान्सून
- पर्जन्यछाया
- दख्खनचे पठार
- गोदावरी नदी
- पूर्णा तालुका
- कोरडवाहू शेती